मदत हवी आहे : सासूबाईंची सीआरपी तपासणी घरीच करावी का?

सासूबाई ८४ वर्षांच्या, अंथरुणाला खिळलेल्या. संसर्ग झाला तरी ताप येत नाही. जेवण तुटतं, बोलणं असंबद्ध होतं, बस्स. रक्त काढायला शीर सापडत नाही, म्हणून डॉक्टरांनी बोटाच्या थेंबावर काही मिनिटांत सीआरपी (शरीरात संसर्ग किंवा सूज असली की रक्तात वाढणारं प्रथिन) दाखवणारं यंत्र सुचवलंय. पण संसर्गानंतर सीआरपी वाढायलाच ६ ते १२ तास लागतात, सर्वांत जास्त होतो साधारण ४८ तासांनी. म्हणजे सुरुवातीचा कमी आकडा फसवाच की! त्यात त्यांना आमवात, त्यामुळे एरवीही आकडा चढलेला असणार. (उगाच अँटिबायोटिक द्यायचं नाही, एवढं नक्की.) बऱ्या असताना एकदा मोजून ठेवावं का? आणि शंका आली तर दुसऱ्यांदा कधी करावं? घरी रुग्ण सांभाळणारे किंवा नर्सिंगमधले कोणी सांगाल का?