गणपतीला निघण्याआधी टायर बदलायचे की रस्त्यालाच शिव्या द्यायच्या?

चाकरमानी : गेल्या पावसात परशुराम घाटात वळणावर ब्रेक मारला, तर गाडी न वळता सरळच घसरली. कठडा होता म्हणून वाचलो. पुढचे टायर गोटा झालेले. मागचे दोन एका दुकानातून ‘नवेकोरे’ म्हणून स्वस्तात घेतलेले. घरी येऊन बाजूवरचे आकडे वाचले तर १४१७! म्हणजे २०१७ च्या १४ व्या आठवड्यात बनलेला माल. टायरवर काटकसर करू नका.

लाल माती : घसरलात ते वेगामुळे. चिऱ्याच्या मातीचा चिखल नि वर शेवाळ असेल, तर कुठलाही टायर घसरणारच. गेल्या वर्साक महागडो घेतलंय, पयल्याच खड्ड्यात फुगलो!

सुरंगी : हवा कमी असेल तर खड्ड्यात लवकर फुगतो, ती कधी तपासली होती? शेवाळाचं मान्य. पण हायवेवर साचलेल्या पाण्याचं काय? टायरच्या खाचा पाणी बाहेर फेकतात. नक्षी झिजली की पाणी खाली अडकतं नि गाडी होडीसारखी तरंगते. मग स्टिअरिंग फिरवा नाहीतर आरती म्हणा. कायद्याने १.६ मिमी नक्षी चालते, खाचेतले छोटे उंचवटे तेवढ्यासाठीच असतात. आपल्या पावसात मी ३ मिमीलाच बदलते.

लाल माती : ३ मिमीला फेकायला आधी आंब्याचे पैसे हातात येऊदेत.

घाटवाट : गावात उभ्या असलेल्या गाड्यांचं कोणी बोलत नाही. मे महिन्यात नि गणपतीत तेवढी चालते, नक्षी नवी दिसते, पण रबर कडक होऊन बाजूला चिरा पडलेल्या असतात. आणि दोनच टायर घेणार असाल तर नवे मागे टाका.

चाकरमानी : गाडी ओढतात पुढची चाकं! आमचा मेकॅनिकही पुढेच टाकतो.

घाटवाट : बरेच जण टाकतात. पण पुढच्या चाकांची पकड सुटली तर स्टिअरिंग हलकं झाल्याचं हाताला कळतं, पाय उचलून वेग कमी करता येतो. मागच्यांची सुटली की गाडी गरकन फिरते, सावरायला वेळच मिळत नाही. अर्थात पुढचे गोटा झाले असतील तर चारही बदला.

लाल माती : आताच पडवीत जाऊन बघितलं. माझे ०९१६. पण मी चाळीसच्या वर नेतच नाही.

सुरंगी : चारही?

लाल माती : स्टेपनी २०१९ ची आहे.