‘खर्जातला आवाज’ यातला खर्ज कुठला?

प्रश्न: दादरच्या एका व्याख्यानात वक्त्याच्या भरदार बोलण्याला शेजारच्या आजोबांनी ‘काय खर्ज आहे!’ अशी दाद दिली. हा शब्द मूळचा गाण्यातलाच ना?

उत्तर १: होय. सप्तकातला पहिला स्वर षड्ज, म्हणजे ‘सा’. नाक, कंठ, ऊर, टाळू, जीभ आणि दात या सहा स्थानांतून जन्मतो म्हणून षड्ज, अशी त्याची पारंपरिक व्युत्पत्ती आहे. उत्तरेकडे ‘ष’चा उच्चार ‘ख’ होत असल्याने त्याचे ‘खरज’ झाले आणि मराठीत ‘खर्ज’.

उत्तर २: तंबोऱ्याच्या मंद्र (खालच्या सप्तकातल्या) षड्जात लावलेल्या चौथ्या तारेलाही खर्जच म्हणतात. ती छेडल्यावर भोपळ्यावर हात ठेवून पाहा, आजोबांना काय म्हणायचे होते ते तळव्याला कळेल. नुसता जाडाभरडा आवाज म्हणजे मात्र खर्ज नव्हे. त्याला घुमारा हवा.

प्रश्नकर्ता: आभार. वक्त्यांना घुमारा निश्चितच होता.