पायातल्या रक्ताच्या गुठळीचे अनुभव लिहा

सायली_क: नणंदेचं गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय. काल तिच्या फाइलमध्ये घट्ट मोज्यांची सूचना वाचली आणि आईचं खुब्याचं ऑपरेशन आठवलं. घरी येऊन चालायला लागली होती, आणि एका सकाळी डावी पोटरी तट्ट फुगलेली, हाताला गरम. डॉक्टरांनी आधी साधी टेप काढली, गुडघ्याखाली सारख्याच अंतरावर दोन्ही पोटऱ्या मोजल्या. ३ सेंटिमीटरच्या वर फरक! मग डॉपलर, म्हणजे शिरेतला रक्तप्रवाह बघायची सोनोग्राफी, आणि शिरेत गुठळी सापडली. ऑपरेशननंतर घरी आलं तरी हा धोका काही आठवडे, कधी तीन महिनेही राहतो. तुमच्याकडे कोणाला झालंय? काय सांभाळता? नणंदेला वाचून दाखवणार आहे.

प्राजू: पोटरी चोळली नाहीत ना कोणी??

सायली_क: मावशी बसल्याच होत्या चोळायला. नर्सताईंनी फोनवर थांबवलं, चोळल्याने गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते म्हणून.

रानवारा: मला बाळंतपणानंतर. पाय वगैरे काही नाही, थेट दम. बसल्या जागी. श्वास आत घेतला की बरगडीत कळ. सगळे म्हणाले अशक्तपणा, सासूबाईंनी कोणाचं ऐकलं नाही, तशीच गाडीत घातलं मला. गुठळी फुप्फुसात गेली होती. बाळंतपणानंतरचे पहिले सहा आठवडे फार जपायचे असतात हे तेव्हा कळलं. त्यांच्यामुळे आहे मी. धाकटी उठली, येते.

अभि७७: सासूबाईंना माझा नमस्कार सांगा _/\_

रानवारा: सांगितला. चष्मा शोधतायत, स्वतः वाचायचंय म्हणे :)

दत्तूकाका: रक्त गोठू न देणाऱ्या वॉरफरिन गोळीवर आहे, बरीच वर्षं. पालेभाजी बंद करा असं जो तो सांगतो. बंद नाही करायची! त्यातल्या के जीवनसत्त्वाने गोळीचा जोर कमी होतो हे खरं, म्हणून प्रमाण रोज साधारण सारखं ठेवायचं. एक आठवडा भरपूर आणि पुढचा कोरडा असं केलं की आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा तपासणीतला आकडा) हलतो. मला २ ते ३ मध्ये ठेवायला सांगितलाय. गोळी रात्री ठरल्या वेळी, राहिली तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत. अंगदुखीला मनाने आयबुप्रोफेन नाही, रक्तस्राव होऊ शकतो. दाताच्या डॉक्टरांना खुर्चीत बसायच्या आधीच सांगतो.

मनवा: काका नव्या गोळ्या आल्यात की, त्यांना आयएनआर तपासावा लागत नाही

दत्तूकाका: माझी हृदयाची झडप धातूची आहे बाळा, तिला त्या चालत नाहीत.

मनवा: अच्छा. जपा काका.

खुर्चीकर: दिवसभर बैठं काम. तासाभराने उठतोच. मिटिंग लांबली तर टेबलाखाली टाचा वर, चवडे वर. पोटरीचा स्नायू आवळला की शिरेतलं रक्त वर ढकललं जातं, पाय लोंबकळत राहिले की ते साचतं. चार तासांच्या वर प्रवास असला की कडेची सीट घेतो, उठता येतं.

अभि७७: प्रवासाआधी अ‍ॅस्पिरिन घेतली तर?

प्राजू: मनाने नको रे. शिरेतल्या गुठळीला वेगळी औषधं असतात, आणि अ‍ॅस्पिरिननेही पोटात रक्तस्राव होऊ शकतो. पाणी पी, चाल.

शमा_२: माझ्या बहिणीला तिशीच्या आत झाली. इस्ट्रोजेनवाल्या गर्भनिरोधक गोळ्या चालू होत्या. आता आमच्या मुलींना सांगून ठेवलंय, त्या गोळ्या सुरू करताना मावशीची गुठळी डॉक्टरांना आधी सांगायची. लाजायचं काय त्यात.

सायली_क: हे फार महत्त्वाचं. बरं, ते मोजे चढवायचे कसे? आईच्या वेळी रोज कुस्ती.

प्राजू: सकाळी अंथरुणातून उतरायच्या आधी, सूज नसताना. भांडी घासायचे रबरी हातमोजे घाल, पकड येते. वर गुंडाळी पडू देऊ नको, तिथेच आवळतं. आणि मापाचे घे, डॉक्टरांना विचारून. पायाचा रक्तपुरवठा कमी असेल त्यांना नाही चालत.

सायली_क: हातमोजे कोरडे ना?

प्राजू: एकदम कोरडे. ओल्याने सरकतात.