मुंबईत ३ दिवस: रोजचा खर्च किती धरावा?

प्रश्न: दोघं जण, मुक्काम दादरला नातेवाइकांकडे. घारापुरी, राणीबाग बघायचंय. माणशी रोज किती लागतील?

उत्तर १: सरसकट आकडा धरू नका, घारापुरीचा दिवस वेगळा मांडा. लाँचचं जाऊन-येऊन तिकीट, लेण्यांचे ४० रुपये, शिवाय बेटावर पाणी-खाणं महाग, डबा न्या. त्या दिवशी माणशी ७००, एरवी ४०० पुरतात.

उत्तर २: सोमवारी लेणी बंद, बुधवारी राणीबाग बंद. वार चुकला की भाडं फुकट.

उत्तर ३: बजेट फुटतं ते टॅक्सीत. रिक्षा माहीम-शीवच्या पुढे दक्षिणेला येत नाहीत. टॅक्सीचे पहिल्या दीड किलोमीटरलाच ३१ रुपये. दादर ते सीएसएमटी लोकलने दहा रुपयांच्या आत. फक्त सकाळी ११ नंतर निघा, आधी गर्दीत चढताच येत नाही आणि मग नाइलाजाने टॅक्सी होते.