बार्नेकलच्या पट्ट्याची खालची कड कोण ठरवतं?

लाटांकाठी

एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी गेले आठ महिने एका खडकाळ किनाऱ्यावर जातेय. काम साधं आहे. ओहोटीला २५ सेंटिमीटरची चौकट खडकावर ठेवायची, आतले बार्नेकल (खडकाला कायमचे चिकटून राहणारे छोटे कवचधारी समुद्री प्राणी) मोजायचे, थोडं खाली सरकायचं, पुन्हा मोजायचं. वरच्या भागात बारीक, राखाडी जात आहे. ती संपते तिथून मोठ्या, पांढऱ्या जातीचा पट्टा सुरू होतो. सीमा इतकी रेखीव, की दहा पावलांवरूनही दिसते.

मी निष्कर्षात लिहिलं, की बारीक जातीला कोरडं राहणं मानवतं, जास्त वेळ पाण्याखाली राहणं सोसत नाही, म्हणून ती खाली जात नाही. पाण्याखालचा वेळ वाढला की तिची संख्या घटते, हे माझ्या आलेखात अगदी स्वच्छ दिसतं. मार्गदर्शकांनी समासात एवढंच लिहिलं: "हे कशावरून?" आकडे मी तीनदा तपासले, चूक नाही. मग कमी काय पडतंय?

खडकपाणी

आकडे बरोबर असणार. पण प्राणी कुठे आहे, एवढंच तुम्ही मोजलंत. तो आणखी कुठे जगू शकला असता, हे नाही मोजलं. मार्गदर्शक तेच विचारतायत.

तुमचा प्रश्न परिसरशास्त्रज्ञ जोसेफ कॉनेल यांनी स्कॉटलंडमधल्या कम्ब्रे बेटावर सोडवला होता. निबंध १९६१ चा. तिथेही वर कथॅमॅलस ही बारीक जात आणि खाली बॅलनस ही मोठी. त्यांनी वरचे कथॅमॅलस बसलेले दगड उचलून खालच्या पातळीवर घट्ट बसवले. बॅलनसची पिल्लं त्यांवर येऊन बसू दिली. मग प्रत्येक दगडाच्या अर्ध्या भागावरून बॅलनस काढून टाकले, उरलेला अर्धा तसाच ठेवला, आणि एकेका प्राण्याची जागा नकाशावर टिपून त्याचं पुढे काय होतं ते पाहत राहिले.

साफ केलेल्या अर्ध्यात कथॅमॅलस खालीही चांगले जगले. न केलेल्या अर्ध्यात बॅलनस भराभर वाढले, काहींच्या अंगावर चढले, काहींच्या बुडाखाली शिरून त्यांना उचकटलं, काहींना दोन्ही बाजूंनी चिरडलं. जे तगले ते खुरटले आणि त्यांना पिल्लंही कमी झाली. म्हणजे पाण्याखाली राहणं ही अडचणच नव्हती. जागा बळकावणारा शेजारी ही अडचण होती. बॅलनस मात्र वर टिकत नाही, उन्हात आणि कोरड्या हवेत मरतो, म्हणून कथॅमॅलसला वरचा पट्टा मोकळा मिळतो.

तुमचा आलेख दोन्ही कारणांनी हुबेहूब असाच आला असता. म्हणून नुसत्या मोजणीवरून निवाडा होत नाही. काहीतरी काढावं लागतं किंवा हलवावं लागतं. रॉबर्ट पेन यांनी १९६३ पासून वॉशिंग्टन राज्यातल्या मक्कॉ बे इथे एका पट्ट्यातले तारामासे उपटून समुद्रात फेकायला सुरुवात केली, तेव्हाच कळलं की शिंपल्यांना आवर घालणारे तेच होते. शिंपल्यांनी खडक व्यापला आणि १५ जातींच्या जागी ८ उरल्या. शेजारच्या न छेडलेल्या पट्ट्यात असं काही झालं नाही. पेन तिथे नुसते मोजत बसले असते तर हे कधीच दिसलं नसतं.

आता माझी चूक सांगते, कारण ती तुमच्याकडून होऊ नये असं मनापासून वाटतं. बार्नेकलना भोक पाडून खाणाऱ्या शिकारी गोगलगायी दूर ठेवायला मी खडकावर जाळीचे पिंजरे लावले होते. पिंजऱ्यात बार्नेकल जास्त जगले. मी आनंदाने लिहून टाकलं: शिकार हेच कारण. पुढे लक्षात आलं, की जाळीखाली सावली होती आणि खडक ओहोटीतही ओलसर राहत होता. म्हणजे ते गोगलगायी नसल्यामुळे जगले की उन्हापासून वाचल्यामुळे, हे सांगायची सोयच नव्हती. छप्पर तसंच, पण दोन बाजू उघड्या, असे पिंजरे सोबत हवे होते. गोगलगायींना आत येता आलं असतं, सावली मात्र तेवढीच राहिली असती. एक पूर्ण हंगाम हातचा गेला. आजही ती वही उघडली की वाईट वाटतं.

आणखी एक. एकाच खडकावर दहा चौकटी म्हणजे दहा स्वतंत्र नमुने नव्हेत. हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये यावर सविस्तर लिहिलंय, प्रयोग मांडायच्या आधी वाचा. पाचसहा वेगळे खडक घ्या, प्रत्येकावर मोठी जात काढलेला एक भाग आणि न काढलेला एक, अशी जोडी ठेवा.

दर्यावर्दी

खडकपाणी यांच्याशी सहमत, पण भर घालतो. स्पर्धा होण्यासाठी आधी गर्दी व्हावी लागते. बार्नेकलची पिल्लं पाण्यात तरंगत वाढतात. शेवटच्या सायप्रिड अवस्थेत ती खाणं थांबवतात आणि फक्त जागा शोधतात. त्यांना आपल्याच जातीच्या प्रौढांजवळ बसायला आवडतं, कारण तिथे जगता येतं याचा तो पुरावाच. बाहेर नेणारा प्रवाह असेल तर किनाऱ्यावर पोचतातच थोडी. गेन्स आणि रफगार्डन यांनी १९८५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या किनाऱ्यावर दाखवलं, की पिल्लं कमी येतात तिथे खडकावर मोकळी जागा पडून असते. मग कोण कोणाला चिरडणार? म्हणून मोठी माणसं मोजताना आलेली बाळंही मोजा.

लाटांकाठी

दोघांचेही खूप आभार. रात्रभर झोप लागली नाही, पण चांगल्या अर्थाने. दगड हलवायची परवानगी मिळेल असं वाटत नाही. जागेवरच, सीमेच्या जरा खाली, मोठी जात खरवडून काढली तर चालेल का? आणि बाळं मोजायला उधाणाच्या ओहोटीलाच गेलं तर पुरेल?

खडकपाणी

परवानगी खरवडण्यासाठीही विचारा. चालेल, पण फक्त खरवडू नका. तिथे बारीक जातीची पिल्लं मुळात येतात का हे आधी बघा. ती येतच नसतील तर रिकामी जागा रिकामीच राहील आणि तुम्ही चुकीचं काहीतरी लिहाल. खरवडताना शेजारी तेवढ्याच जागेवरचे मोठे तसेच ठेवा, आणि पुन्हा येऊन बसलेले मोठे दर खेपेला चिमट्याने काढत राहा.

पिल्लांसाठी उधाणाची वाट पाहू नका. ती बसण्याच्या दिवसांत, तुमचा पट्टा उघडा पडत असेल तर रोज जा. बसलेलं पिल्लू लवकरच रूप बदलून कवच धरतं आणि बरीचशी त्याआधीच मरतात. पंधरा दिवसांनी गेलात तर फक्त उरलेली दिसतील. दहापट मोठं दाखवणारं हातभिंग आणि गुडघ्याखाली घ्यायला फोमचा तुकडा सोबत ठेवा.

लाटांकाठी

परवा पहाटेची ओहोटी आहे. आधी सहा खडक निवडते, मोजणी त्यानंतर. पहिल्या खेपेचे आकडे इथेच टाकते.