शब्दचर्चा : ‘एम्युलेटर’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न (डीटीपी व्यावसायिक, नवी पेठ)

लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तके जुळवण्याचे माझे काम गेली कित्येक वर्षे विंडोजवरील एका जुन्या आज्ञावलीत चालत आले आहे. तिचे मराठी फाँट युनिकोडच्या आधीच्या पद्धतीचे असल्यामुळे जुन्या फाइली दुसऱ्या कशात उघडल्या की अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हे दिसतात, म्हणून ती सोडता येत नाही. आता दुकानातील एका संगणकावर विंडोजऐवजी लिनक्स ही कार्यप्रणाली बसवली असून तेथे ती आज्ञावली ‘वाइन’ (Wine) नावाच्या दुसऱ्या आज्ञावलीच्या साहाय्याने उघडते. हाताखालच्या मुलांसाठी याचे टिपण मराठीत लिहीत आहे. वाइनला ‘अनुकारक’ (एम्युलेटर) म्हणावे की ‘आभासी यंत्र’ (व्हर्च्युअल मशीन)? दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरलेले माझ्या वाचनात आले आहेत.

उत्तर (संगणक अभियंता, होटगी रस्ता)

माझ्या मते येथे दोन्ही शब्द चुकतील. वाइनच्या नावातच या वादाचा निकाल लावलेला आहे. १९९३ मध्ये हे काम सुरू झाले तेव्हा नावाचा विस्तार ‘विंडोज एम्युलेटर’ असाही केला जाई. पुढे ‘वाइन म्हणजे एम्युलेटर नव्हे’ असा अर्थ देणारा विस्तार रूढ झाला. (पहिली स्थिर आवृत्ती यायला मात्र २००८ साल उजाडले.)

एम्युलेटर एक संपूर्ण यंत्र उभे करतो. डॉसबॉक्स हे त्याचे सोपे उदाहरण आहे : जुन्या डॉसच्या खेळाला आपण खऱ्याच जुन्या संगणकावर आहोत असे वाटावे म्हणून तो प्रोसेसर, पडदा आणि ध्वनीचे कार्ड या सर्वांचे सोंग घेतो. वाइन प्रोसेसरच्या वाटेला जातच नाही. आपली आज्ञावली इंटेल पद्धतीच्या प्रोसेसरसाठी तयार झालेली आहे आणि दुकानातील प्रोसेसरही त्याच पद्धतीचा आहे, त्यामुळे तिच्या सूचना तो थेट पाळतो. अडते ते फाइल उघडताना, खिडकी काढताना किंवा छपाई करताना, कारण अशा वेळी आज्ञावली विंडोजकडे मागणी करते आणि तेथे विंडोज नसते. ती मागणी वाइन आपल्याकडे घेते आणि लिनक्सला समजेल अशा रीतीने पुढे पोचवते.

आपल्या सोलापुरात हे समजावणे सोपे आहे. तेलंगणातून नुकताच आलेला विणकर पूर्व भागात तेलुगूवर निभावून नेतो. परंतु मराठी बोलणाऱ्या कचेरीत काम पडले की तो सोबत दुभाषी नेतो. सही तोच करतो, पैसे तोच मोजतो, दुभाषी केवळ मागणे आणि उत्तर इकडून तिकडे करतो. म्हणून मी वाइनसाठी ‘दुभाषी’ हा शब्द सुचवीन.

उत्तर (निवृत्त मराठी शिक्षिका, जुळे सोलापूर)

‘दुभाषी’ मला आवडला, परंतु ‘इंटरप्रीटर’ या संगणकातील दुसऱ्याच वस्तूलाही कोणी तोच शब्द लावील. ‘दुभाषी थर’ असे लिहिल्यास घोटाळा टळेल.

‘अनुकारक’विषयी माझी शंका वेगळी आहे. इंग्रजीतील ‘एम्युलेट’ या मूळ क्रियापदात नकलेपेक्षा बरोबरी करण्याचा, किंबहुना वरचढ ठरण्याचा अर्थ अधिक आहे. आयबीएमने १९६४ मध्ये सिस्टिम/३६० ही यंत्रमालिका जाहीर केली. जुन्या यंत्रांसाठी लिहिलेल्या आज्ञावली नव्या यंत्रावर चालाव्यात म्हणून तिच्यात जी सोय केली होती, तिला ‘एम्युलेटर’ हे नाव होते आणि तेथे अपेक्षा बरोबरीचीच होती. मराठीत मात्र ‘अनुकरण’ म्हटले की ‘अंधानुकरण’ आठवते, आणि व्याकरण शिकलेल्याला ‘खळखळ’, ‘कडकड’ हे अनुकरणवाचक शब्द. त्यापेक्षा आपण वर सहज वापरलेला ‘सोंग’ हा शब्द नेमका आहे. सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे आणता येत नाही, असे आपण म्हणतो. येथे ‘पैशा’च्या जागी ‘वेग’ घातला की एम्युलेटर का रखडतो ते मुलांना कळेल.

‘आभासी यंत्र’ तर उलटाच अर्थ देते. आभास म्हणजे जे दिसते पण नसते. हेत्वाभासात, म्हणजे फसव्या युक्तिवादात, खरा हेतू (कारण) नसतो. या यंत्राच्या बाबतीत यंत्र दिसत नाही आणि काम मात्र खरे होते.

उत्तर (संगणक अभियंता, होटगी रस्ता)

बाई, ‘दुभाषी थर’ मान्य. ‘सोंग’बाबत मात्र प्रामाणिकपणे एक कबुली द्यावी लागेल : वाइनही थोडे सोंग घेते. लिनक्सवर ‘सी ड्राइव्ह’ नावाची वस्तू नसते. वाइन एका साध्या फोल्डरलाच सी ड्राइव्ह म्हणून पुढे करते. नवी पेठवाल्यांनी मराठी फाँट त्याच फोल्डरातील विंडोजच्या फाँट-विभागात ठेवून पाहावेत.

आभासी यंत्राविषयी : व्हर्च्युअलबॉक्ससारख्या आज्ञावलीत त्याच संगणकावर एक पूर्ण, खरे विंडोज बसवले जाते. इंग्रजीत यजमान आणि पाहुणा अशी जोडी वापरतात, पण पाहुणा आपल्याच पंगतीला बसतो. येथे तो स्वतःचा शिधा घेऊन वेगळी चूल मांडतो, म्हणजे संगणकाची मेमरी दोघांत वाटली जाते.

मूळ प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. फाँट ठेवले आणि पत्रिकांच्या फाइली नीट दिसू लागल्या. परंतु याच आज्ञावलीच्या दुसऱ्या एका आवृत्तीला यूएसबीत लावायचे ‘लॉक’ (आज्ञावलीची नक्कल रोखणारी किल्ली) लागते आणि ते वाइनमध्ये ओळखले जात नाही. हे कोणत्या शब्दाने सांगावे?

उत्तर (संगणक अभियंता, होटगी रस्ता)

‘दुभाषी थर’ या शब्दानेच. लॉकचा ड्रायव्हर, म्हणजे ते उपकरण हाताळणारी आज्ञावली, विंडोजच्या गाभ्यात शिरून काम करतो. दुभाषी निरोप पोचवील, परंतु कचेरीच्या आतल्या खोलीत साहेबाच्या खुर्चीवर बसणार नाही. त्या आवृत्तीसाठी वेगळी चूलच मांडावी लागेल. तेथील विंडोज खरे असल्यामुळे यूएसबीतील लॉक त्याच्या स्वाधीन करता येते.

उत्तर (निवृत्त मराठी शिक्षिका, जुळे सोलापूर)

टिपणात क्रियापदेही जपून वापरावीत असे सुचवते. आज्ञावली विंडोजवर ‘चालते’, वेगळ्या चुलीवर ती ‘चालवली जाते’, आणि दुभाषी थरावर एखादे बटण दिसेनासे झाले तरी आपण ती ‘चालवून घेतो’. या तिसऱ्या क्रियापदात जी तडजोड आहे ती इतर दोन क्रियापदांत येत नाही, म्हणून मुलांना ते आधी शिकवावे.

मूळ प्रश्नकर्ता

बाई, टिपणात तिन्ही क्रियापदे घेतली आहेत. लॉकवाल्या आवृत्तीपुढे ‘वेगळी चूल, किमान ८ जीबी मेमरी’ असे लिहिले आहे, कारण ४ जीबीच्या संगणकावर करून पाहिले तेव्हा दोन्ही चुली विझल्या.