बाईकवरून शहराची गर्दी कशी टाळता? तुमच्या वाटा सांगा

परळकर

गेल्या शनिवारी अलिबागला निघालो. सकाळी साडेआठला घर सोडलं आणि वडखळच्या अलीकडे पाऊण तास जवळजवळ एकाच जागी अडकलो. दोन ट्रेलरच्या मध्ये, पहिल्या गिअरमध्ये, हाफ क्लचवर. इंजिनाची धग पोटरीला लागत होती, डाव्या हाताची बोटं मिटत नव्हती. मागे बायको, तिच्या पाठीवर बॅग. अलिबाग आलं तेव्हा समुद्रावर जायची इच्छाच उरली नव्हती.

आपल्याला सी लिंक बंद, कोस्टल रोड बंद, अटल सेतू बंद, जे. जे. उड्डाणपूल बंद. पुण्याला जायचं तर द्रुतगती मार्ग बंद. वेगाच्या रस्त्यावर दुचाकीला धोका आहे, हे कारण मला पटतं. पण मग उरतो तो ट्रक, एसटी आणि खड्ड्यांमधला रस्ता, आणि तिथेही जीव मुठीत धरूनच चालवावं लागतं. म्हणून विचारतोय. तुम्ही कुठून जाता, किती वाजता, काय सोसून? नेमकं लिहा. नुसतं ‘लवकर निघा’ नको.

खारा वारा

दादा, वडखळला जायचंच कशाला? परळहून भाऊचा धक्का किती जवळ आहे तुम्हाला! तिथून मांडव्याला रो-रो, म्हणजे गाड्यांसकट नेणारी बोट, जाते, 2020 पासून. बाईक खालच्या डेकवर लावायची, गिअरमध्ये ठेवायची, वर जाऊन बसायचं. तासाभरात मांडवा, पुढे अलिबाग वीसेक किलोमीटर. शनिवार-रविवारी तिकीट आधी काढा. पावसाळ्यात समुद्र खवळला की फेरी रद्द होते, तेव्हा निघण्यापूर्वी चौकशी करा.

मी याच वाटेने गणपतीपुळ्यापर्यंत गेलोय आणि मुंबई-गोवा महामार्गाला चाकही लावलं नाही. मांडवा, अलिबाग, रेवदंडा, मुरूड. मग आगरदांड्याहून दिघीला जेट्टी. दिवेआगर, श्रीवर्धन करून बागमांडल्याहून वेसवीला दुसरी. पुढे दापोलीच्या बाजूने दाभोळ, तिथून धोपाव्याला तिसरी. गुहागर झालं की तवसाळहून जयगडला चौथी. या फेरीबोटी बाईक, गाडी, टेम्पो, सगळं घेतात.

वेळ वाचत नाही, हे आधीच सांगतो. मला दोन दिवस लागले. दाभोळला बोट डोळ्यांसमोर सुटली आणि पुढचीची वाट बघत धक्क्यावर बसून राहिलो. पण दोन दिवसांत एकदाही हात दुखला नाही. रस्ते अरुंद आहेत, वळणावर समोरून एसटी येते, हॉर्न द्यायला लाजू नका.

क्लचवायर

मी कोथरूडला राहते, ऑफिस हिंजवडी फेज तीनला. चार वर्षं वाकडचा पूल आणि शिवाजी चौक केला. चांदणी चौकातला जुना पूल 2022 मध्ये पाडला आणि पुढच्या वर्षी नवे रस्ते सुरू झाले. तिथला माझा त्रास कमी झाला, पण वाकडला होता तसाच राहिला. आता मी सूस, नांदे, चांदे करून माणला निघते. अंतर फार कमी होत नाही, पण गाडी तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये चालत राहते. पूर्वी क्लचप्लेट लवकर जळायच्या, ते थांबलं.

या रस्त्याची किंमतही सांगते. खडीचे डंपर आणि काँक्रीटचे मिक्सर इथूनच जातात आणि वळणावर बारीक खडी सांडलेली असते. मागच्या जूनमध्ये त्या खडीवर पुढचा ब्रेक दाबला आणि पडले. मनगट मुरगळलं, हेल्मेटला लांबलचक ओरखडा. तेव्हापासून वळणाआधी वेग उतरवते आणि वळणात ब्रेकला हात लावत नाही. अंधार पडल्यावर तर इथून जातच नाही. दिवे नाहीत, कुत्री मागे लागतात, गाडी बंद पडली तर बाईमाणसाने थांबावं अशी जागा नाही. रात्री मुकाट्याने वाकड. बरोबरच्या मुलांना ही वाट चोवीस तासांची वाटते, म्हणून मुद्दाम लिहिलं.

पेठेतला जुना

वय 67, अजून रोज गाडी चालवतो. लक्ष्मी रस्त्याला संध्याकाळी जायचं नाही हे पुण्यात कुणाला शिकवावं लागत नाही. आमच्यासाठी झेड ब्रिज, तो फक्त दुचाकींचा. आणि नदीपात्रातला रस्ता. पण खडकवासल्यातून पाणी सोडलं की आधी भिडे पूल बुडतो आणि पात्रातला रस्ता बंद होतो. ‘चाकभरच तर पाणी आहे’ म्हणून गाडी घालणारे मी दरवर्षी बघतो. पोरांनो, वाहत्या पाण्याची ओढ वरून दिसत नाही. वळसा घ्या, म्हात्रे पुलावरून या.

सासवडला जायचं असेल तर हडपसर टाळून बोपदेव घाट. उतरताना गिअर खालचा ठेवा, नुसत्या ब्रेकवर उतरू नका.

पार्सल घेऊन

सगळ्यांचं वाचलं. काका, ताई, पटलं. पण माझी वेळ माझ्या हातात नाही. ठाण्यात दिवसभर पार्सल पोचवतो, घोडबंदर रोडवर दिवसातून सहा-सात चकरा. माझ्यासारख्याने गर्दी टाळायची म्हणजे रस्ता नाही, क्रम बदलायचा. दुपारी शाळा सुटायच्या वेळेला शाळेच्या गल्लीतलं पार्सल नेत नाही, ते अकराच्या आत किंवा दोननंतर. हायवेच्या एका बाजूची सगळी घरं आधी, मग एकदाच यू-टर्न. पूर्वी प्रत्येक पार्सलला रस्ता ओलांडत होतो, त्यातच तास जायचा.

उलट्या दिशेने मीही घातलीय गाडी, खोटं बोलत नाही. सगळे घालतात म्हणून घातली. एका संध्याकाळी समोरून रिक्षा आली. रिक्षावाल्याने वळवली म्हणून मी वाचलो, पण तो दुभाजकाला घासला आणि आत एक आजी होत्या. त्यांना काही झालं नाही. त्यांनी मला शिवी दिली नाही, फक्त विचारलं, ‘बाळा, घरी कोण आहे तुझ्या?’ त्यानंतर नाही घातली.

आणि बस किंवा डंपरच्या डाव्या बाजूने पुढे घुसू नका. ड्रायव्हरला तिथलं दिसत नाही. सिग्नलला दहा गाड्या मागे राहिलं तरी चालेल.

वसईकडे डिलिव्हरी असली तर आता भाईंदरहून रो-रो पकडतो, 2024 ला चालू झाली. घोडबंदरच्या पुढचा हायवे वाचतो. बोटीवर डबा खाऊन होतो, दिवसातलं तेवढंच बसणं.

सॅन होजेहून

इकडचा अनुभव थोडक्यात. कॅलिफोर्नियात दोन लेनमधून बाईक पुढे काढणं कायदेशीर आहे, 2016 मध्ये तसा कायदा झाला. शिवाय कारपूल लेनमध्ये, म्हणजे एकाहून जास्त माणसं असलेल्या गाड्यांसाठी राखलेल्या लेनमध्ये, बाईकवर एकट्याने जाता येतं. पहिल्यांदा मला विश्वास बसेना. पुढचा कारवाला आरशात बघून किंचित बाजूला सरकतो आणि बाईकवाला हात हलवून पुढे जातो. मात्र ट्रॅफिक साठ मैलांच्या वेगात असताना कुणी शहाणा मधून काढत नाही. आपल्याकडे मी दहा वर्षं हेच केलं होतं, पण तिथे पुढचा सरकेल की नाही, याचा कधी भरवसा नव्हता.

परळकर

खारा वारा, पुढच्या रविवारचं मांडव्याचं तिकीट काढलंय, सकाळच्या फेरीचं. बायकोने अट घातली आहे की बॅग तिच्या पाठीवर नको, मागे कॅरियरला बांधायची. परतीला संध्याकाळची शेवटची बोट पकडायची की रेवदंड्याला मुक्काम करून सोमवारी पहाटेची? सोमवारी नऊला मला कामावर हजर व्हायचंय. कुणी केलं असेल तर सांगा.

पार्सल घेऊन, सांभाळून चालव रे भावा.